एक जानेवारी

ओरुरोहून साडेचार तास बस,
पुढे खारट मातीतून भाड्याची मोटरसायकल,
पाठीवर नवा संगणक, खोकंही न फोडलेला.
जुना मेला असणार, या हिशेबाने निघालो होतो.

जुना मेला नव्हता.
आरोग्यकेंद्रात, लसींच्या फ्रीजशेजारच्या फळीवर,
जेवणाच्या डब्याएवढा, करड्या पत्र्याचा,
विणलेला रुमाल पांघरून बसला होता.
"थंडी वाजते त्याला," सातुर्निना म्हणाली.
नर्स आहे. चेष्टा करत होती का, कळलं नाही.

मी सवयीने फॉर्म भरायला घेतला:
यूएसबी चार, मागचं एक सैल.
रॅम चार जीबी.
फिरणारी डिस्क नाही, नुसती चिप,
म्हणजे आत झिजण्यासारखं काही नाही
एका पंख्याखेरीज.

स्क्रू चार. तिसऱ्याचा माथा गेलेला,
तो तिच्या बटाटे सोलायच्या चाकूने काढला.
झाकण उचललं तर आत लामाची लोकर,
पात्यांभोवती अशी गच्च गुंडाळलेली
जणू कुणी चाती भरून ठेवली असावी.
पंखा कधी थांबला
ते पंख्यालाही सांगता आलं नसतं.

सोबतच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं:
तीन हजार मीटरच्या वर हमी नाही,
विरळ हवा उष्णता नीट वाहून नेत नाही.
आम्ही तीन हजार आठशेवर.
इथली हवा माणसालाही जिन्यात अर्ध्यावर सोडते.
पण जूनच्या रात्री उणे बारा.
पंख्याचं काम थंडीने उचललं,
कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मग तक्रार कशाची?
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
फ्रीजचं तापमान चार, पाच, चार, चार,
दर दहा मिनिटांनी, बिनचूक.
तारीख: एक जानेवारी दोन हजार नऊ.
खाली पुन्हा एक जानेवारी दोन हजार नऊ.
त्याच्याही खाली तीच.
वीज जाऊन आली की हा डोळे उघडतो
आणि त्याला वाटतं, आत्ताच तर कारखान्यातून निघालो.

गेल्या वर्षभरात या गावात जन्मलेली सगळी पोरं
याच्या लेखी एकाच पहाटे जन्मली:
कोंदोरींची जुळी, एल्विराचा पायाळू मुलगा.
म्हातारा इसिद्रो यांके
त्याच पहाटे वारला.

नाण्याएवढी बॅटरी. बस्स, तेवढंच.
दोन सालतेन्यांच्या किमतीची.
माझ्या खिशात तीन होत्या.

"मग या नोंदींचं काय?" मी विचारलं.
तिने टेबलाखालून वही काढली.
वीज गेली त्या प्रत्येक वेळेची खरी तारीख, शाईने,
पुढे बाण, आणि बाणापुढे:
इथून त्याचा नवा एक जानेवारी.
मी मोजले. दोनशे तेरा बाण.
"अंश तो विसरत नाही," ती म्हणाली,
"दिवस मी विसरत नाही. वाटून घेतलंय आम्ही."

फॉर्मवर शेवटचा रकाना: विश्वासार्हता, एक ते पाच.
कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.
मी तो तसाच ठेवला.

बॅटरी बदलली. घड्याळ लावलं.
पंख्याला बोटाने टिचकी मारली,
तो कुरकुरत फिरू लागला,
आपल्या गैरहजेरीबद्दल अवाक्षर न काढता.
लोकर मी टोपलीत टाकणार, तेवढ्यात तिने हात पुढे केला.
"वाया कशाला?" आणि बोटांच्या चिमटीत
पीळ भरायला लागली.

नवं खोकं पुन्हा पाठीवर बांधत होतो
तेव्हा दिवे गेले.
मिनिटभर नुसता वारा, पत्र्यावर.
मग फ्रीज गुरगुरला, हिरवा ठिपका लागला,
पडद्यावर आजची तारीख आली, मिनिटासकट बरोबर.

मी वळून पाहिलं.
तिने वही उघडली होती,
आणि बाण
अर्धा काढून झाला होता.